पडताळणी कशाची करायची?

सातारा जिल्ह्यात वर्दीचं आकर्षण जुनं आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली. अपशिंगे गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ जोडलं गेलं. खंडाळा तालुक्यातही शिरवळच्या कारखान्यांत रात्रपाळी करून किंवा लोणंदच्या बाजारात हमाली करून भरतीची तयारी करणारी मुलं गावोगाव भेटतात. मैदानी चाचणी झाली, लेखी परीक्षा झाली, यादीत नाव आलं, तरी शेवटी एक कागद उरतो. तो म्हणजे चारित्र्य पडताळणीचा.

या कागदासमोर आता एक अवघड प्रश्न उभा आहे. एखाद्या मुलानं पूर्वी औषधाच्या गोळ्यांचा गैरवापर केला असेल आणि नंतर तो सोडला असेल, तर त्याच्यावर सुरक्षेची जबाबदारी सोपवावी का? या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला खऱ्या वाटतात, म्हणून त्या मामा आणि भाची अशा दोघांच्या तोंडून मांडतो. मामा निवृत्त सहायक फौजदार, नोकरीतला बराच काळ पोलीस ठाण्याच्या गोपनीय कामात गेलेला. भाची व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक. ही दोघं आणि ज्यांच्याविषयी ती बोलतात ती मुलं कल्पित आहेत. कायदे, न्यायालयाचे निकाल आणि आकडे मात्र खरे आहेत.

मुलाची हकिगत अशी. खंबाटकी घाटात दुचाकी घसरली, गळ्याखालचं हाड मोडलं. डॉक्टरांनी ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी थोड्या दिवसांसाठी लिहून दिली. हाड जुळलं, दुखणं गेलं, पण गोळी सुटेना. आठ महिने तो ती चिठ्ठीशिवाय मिळवून घेत राहिला. शेवटी आईनं केंद्रात नेलं. त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून गोळी नाही. त्याच्यावर गुन्हा कधीच दाखल झाला नाही. आता केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात निवड झाली आहे आणि पडताळणीसाठी भरायचा साक्षांकनाचा नमुना घरी आला आहे.

मामा : मला पोराचा राग नाही. पण पडताळणी म्हणजे नुसता शिक्का मारणं नव्हे. ठाण्याच्या नोंदी बघायच्या, संगणकावर नाव घालून बघायचं, पोलीस पाटलाला विचारायचं, शेजारीपाजारी चौकशी करायची आणि मग अहवालावर सही करायची. त्या सहीच्या भरवशावर कुणीतरी त्याच्या हातात रायफल देतं, विमानतळाच्या दारात उभं करतं. ज्याला एकदा गोळीनं धरलं, त्याला ती पुन्हा धरणार नाही, हे मी कशाच्या जोरावर लिहू?

भाची : तसं तुम्ही लिहावं असं कुणी म्हणत नाही, मामा. पुन्हा आजारी पडणार नाही, असं तर कुणाच्याच बाबतीत लिहिता येत नाही. तुम्ही फक्त जे झालं ते लिहायचं. आणि झालं काय, ते नीट बघा. ट्रामाडॉल अफूच्या जातीचं काम करतं. दुखणं मारतं, थोडं बरंही वाटायला लावतं. शरीराला सवय झाली की गोळी बंद केल्यावर घाम, जुलाब, अंगदुखी, झोपेचा पत्ता नाही. मुलाला वाटतं जुनं दुखणंच उसळलं, म्हणून तो पुन्हा गोळी घेतो. सुरुवात हौसेनं झालेली नाही, दवाखान्यात झालेली आहे.

मामा : सुरुवात दवाखान्यात झाली, कबूल. पण चिठ्ठी संपली तेव्हा गोळी संपायला हवी होती. पुढच्या आठ महिन्यांत मिळाली कुठून? जुनी चिठ्ठी दाखवून, या दुकानातून त्या दुकानात जाऊन, ओळखीच्याला गळ घालून. म्हणजे आठ महिने तो खोटंच बोलत होता. मला गोळीपेक्षा त्या खोटेपणाची जास्त काळजी आहे.

भाची : ही काळजी रास्त आहे. पण खोट्याचा हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंनी मांडा. १ मार्च २०१४ पासून ‘एच-वन’ यादीतल्या औषधांसाठी वेगळी वही ठेवण्याचं बंधन दुकानदारावर आहे. डॉक्टर कोण, रुग्ण कोण, औषध किती, हे सगळं लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. ट्रामाडॉल त्या यादीत आहे, झोपेसाठी घेतात ते अल्प्राझोलामही आहे. एप्रिल २०१८ मध्ये तर ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. एवढी कुंपणं असताना विशीतल्या पोराला गोळी मिळत गेली, ती त्यानं एकट्यानं मिळवली नाही. शिवाय ही एकट्यादुकट्याची गोष्ट राहिलेली नाही. दिल्लीच्या एम्सनं केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. वैद्यकीय गरज नसताना झोपेची, गुंगीची औषधं घेणारे लोक १० ते ७५ या वयोगटात सुमारे १ कोटी १८ लाख निघाले. हजारात जवळपास अकरा. तुमच्या भरतीच्या रांगेत ते आजही उभे असतात, फक्त आपल्याला माहीत नसतात.

मामा : रांगेचं नाव काढलंस म्हणून सांगतो. पोलीस भरतीत १६०० मीटर धावण्याला २० गुण. एकेका गुणावर पोरांचं नशीब ठरतं. काही पोरं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन टोचून घ्यायला लागली. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब खाली गेला तर वर आणायचं ते औषध. व्यायामशाळांतून ते फिरतं, सांगली जिल्ह्यात पोलिसांनी त्याच्या बाटल्या पकडल्या. त्याच जिल्ह्यात २०२४ मध्ये कुपवाडला एमडी या अमली पदार्थाचा साठा सापडला, जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे औद्योगिक वसाहतीत एमडी बनवण्याचा कारखानाच उघडा पडला. आपल्या दाराशी हे चाललंय. उद्या असलंच एखादं पोरगं पोलिसाची वर्दी घालून त्या कारखान्यावर छापा घालायला जाणार. तिथं त्याचा हात डळमळला तर?

भाची : मामा, तुम्ही एका दमात तीन माणसं सांगितलीत. दुखण्यातून गोळीत अडकलेला, धावण्यासाठी सुई टोचणारा आणि विष बनवून विकणारा. विकणाऱ्याविषयी आपल्यात वादच नाही. सुई टोचणाऱ्यालाही मी आजारी म्हणणार नाही. त्यानं शेजारच्या पट्ट्यात प्रामाणिकपणे धावणाऱ्याचे गुण चोरले. खेळाडूंसाठी ते औषध उत्तेजक म्हणून जगभर बंद आहे. भरतीच्या मैदानावर सापडला तर त्याची उमेदवारी जायला हवी, आणि स्वतःच्या हृदयाशी तो कसा खेळतोय हेही त्याला कुणीतरी सांगायला हवं. पण तिघांना ‘नशेडी’ हा एकच शब्द लावला की गावही तोच शब्द वापरतं. मग तुम्ही चौकशीला गेलात की शेजारी सांगतात, “त्याला केंद्रात ठेवलं होतं.” त्या एका वाक्यावर पोराचं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

मामा : माहीत आहे. पण न्यायालयांनीही आमच्याच बाजूनं बोलून ठेवलंय. १९९६ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका भरतीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उमेदवार खटल्यातून सुटला असला तरी शिस्तीच्या दलात त्याचं पूर्वचारित्र्य बघून त्याला नाकारता येतं. नोकरी हा कुणाचा हट्टाचा हक्क नाही.

भाची : आणि २०११ मध्ये त्याच दिल्ली पोलिसांच्या दुसऱ्या उमेदवाराला त्याच न्यायालयानं दिलासा दिला. हेड कॉन्स्टेबलच्या पदासाठी आलेल्या त्या तरुणानं जुना मारामारीचा खटला लपवला होता. न्यायमूर्ती काटजूंनी निकालात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या ज्याँ व्हालज्याँची आठवण काढली. पाव चोरला म्हणून ज्याच्यावर जन्मभराचा शिक्का बसला, तो. तरुणपणी हातून चुका होतात, त्या प्रत्येक चुकीपायी आयुष्यभर गुन्हेगार ठरवू नये, असा त्या निकालाचा रोख होता.

मामा : दोन निकालांची दोन तोंडं असतात, म्हणून तर २०१६ मध्ये तीन न्यायमूर्तींचं पीठ बसलं. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार. आमच्या कामाचा पायाच तो आहे. त्यात पहिलंच सांगितलं आहे की विचारलेल्या गोष्टीचं उत्तर खरं हवं, लपवाछपवी नको. आणि खरं सांगितलं तरी नेमायचं की नाही हा अधिकार मालकाचा, त्याला कुणी भाग पाडू शकत नाही. ऐकलंस? खरं सांगूनही!

भाची : तोच निकाल पुढेही वाचा ना. गुन्हा क्षुल्लक असेल, तरुण वयातला असेल, तर लपवणंही माफ करता येईल. पदाचं स्वरूप बघावं, प्रसंग बघावा. आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट की लपवलं म्हणायचं तर नमुन्यात तो प्रश्न स्पष्ट विचारलेला हवा. मोघम प्रश्नावरून किंवा न विचारलेल्या गोष्टीवरून कुणाला खोटारडा ठरवता येत नाही. आपल्या साक्षांकनाच्या नमुन्यात काय विचारतात? अटक झाली होती का, खटला झाला का, शिक्षा किंवा दंड झाला का, परीक्षेला बंदी झाली का. केंद्रात उपचार घेतले का, हा प्रश्न त्यात नाही.

मामा : नाही हे खरं. म्हणजे तुझं पोरगं सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळं!

भाची : हो, आणि ते ‘नाही’ खरं असेल. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी आधीचे आजार, उपचार विचारले तर तिथं मात्र सगळं खरं सांगायचं, कागद दाखवायचे. पण तुम्ही घरोघरी विचारून केंद्राची गोष्ट अहवालात घालणं बरोबर नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजारात धरल्या आहेत. त्या कायद्यानं रुग्णाच्या माहितीला गोपनीयता दिली आहे. दवाखान्यानं ज्याची वाच्यता करायची नाही, ते चावडीवरून उचलून सरकारी कागदावर कसं आणायचं?

मामा : मग मला त्याच्या मित्राचं सांग. तोही तसाच अडकला, तोही तुमच्याकडे आला. फक्त येण्याआधी खिशात गोळ्यांसह सापडला. गुन्हा दाखल आहे.

भाची : आपली व्यवस्था नेमकी तिथंच अडखळते. सेवनासाठी अमली पदार्थांच्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, काही पदार्थांना वर्षभरापर्यंत. पण त्याच कायद्यातलं ६४-अ कलम सांगतं की व्यसनात अडकलेला माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि त्यानं ते पूर्ण केले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालवू नये. म्हणजे संसदेनंच ठरवलं की याला तुरुंग नको, औषध हवं. पुढे नोकरीच्या वेळी नमुना विचारतो, “अटक झाली होती का?” खरं उत्तर ‘हो’. त्या एका अक्षराशेजारी उपचार पूर्ण झाले हे लिहायला रकानाच नाही. एका हातानं दिलेली संधी दुसऱ्या हातानं काढून घेतो आपण.

मामा : रकाना नसला तरी जोडपत्र लावता येतं. पण तुझा मुद्दा पोचला. तरी माझी अडचण उरतेच. केंद्रातून बाहेर आलेले सगळेच टिकत नाहीत. तूच मागे म्हणाली होतीस.

भाची : म्हणाले होते आणि आजही म्हणते. काहीजण घसरतात. काही पुन्हा उभे राहतात. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तिथं बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ उभं केलं. एवढ्या वर्षांत महाराष्ट्रानं माणसं बरी होताना डोळ्यांनी पाहिली आहेत.

मामा : पाहिली आहेत. पण कार्यकर्त्याच्या हातात बंदूक नसते.

भाची : मग ज्यांच्या हातात विमान असतं त्यांचं बघू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. वैमानिक, केबिन कर्मचारी, हवाई वाहतूक नियंत्रक, यांची अचानक चाचणी होते. गांजा, कोकेनबरोबर झोपेच्या औषधांचे गटही त्यात तपासले जातात. पहिल्यांदा दोषी आढळला तर कामावरून लगेच बाजूला, उपचार, आणि पुन्हा चाचणी स्वच्छ आल्यावरच परत. दुसऱ्यांदा परवाना तीन वर्षं निलंबित. तिसऱ्यांदा रद्द. शेकडो प्रवाशांचा जीव ज्यांच्या हाती, त्यांना आपणच एक संधी देतो. ती डोळे मिटून देत नाही, चाचणी घेऊन देतो.

मामा : हे मला पटण्यासारखं आहे, कारण यात भरवसा चाचणीवर आहे, कुणाच्या शब्दावर नाही. पण तो नियम कामावर असलेल्यांसाठी. नव्यानं घेताना काय करायचं?

भाची : अमेरिकेत आपल्या मराठी घरांतली मुलं संरक्षण क्षेत्रात काम करायला जातात, तेव्हा त्यांना सुरक्षा मंजुरीचा लांबलचक अर्ज भरावा लागतो. त्यात थेट प्रश्न आहे : गेल्या सात वर्षांत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाचा जाणूनबुजून गैरवापर केला का? आणि तिथंच लिहिलेलं असतं की या प्रश्नाचं खरं उत्तर फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणार नाही. निर्णय कसा करायचा याचे निकष २०१७ पासून एकसारखे आहेत. किती पूर्वी घडलं, किती वेळा, कोणत्या परिस्थितीत, उपचार पूर्ण झाले का, तज्ज्ञाचं मत काय. मोठ्या किंवा लांबलेल्या आजारात लिहून दिलेल्या औषधाचा गैरवापर झाला आणि आता तो थांबला आहे, ही बाब तर उमेदवाराच्या बाजूनं मोजायची म्हणून वेगळी लिहिली आहे. आपल्या घाटात पडलेल्या पोराचंच वर्णन आहे ते.

मामा : आणि शंका उरली तर ती कुणाच्या बाजूनं सोडवतात?

भाची : देशाच्या सुरक्षेच्या बाजूनं. तेही त्याच निकषांत लिहिलं आहे. आणि खोटं लिहिलं तर त्याचा वेगळा दोष धरतात, बऱ्याचदा मूळ चुकीपेक्षा जड.

मामा : आता माझ्या मनातलं सांगतो. खात्यात असताना मला सगळ्यांत भीती वाटायची ती गुपित असलेल्या माणसाची. सवय घरी माहीत नाही, साहेबांना माहीत नाही, फक्त गोळी पुरवणाऱ्याला माहीत. असा शिपाई त्या पुरवणाऱ्याच्या मुठीत असतो. आज एक नाव सांग, उद्या नाकाबंदी कुठं आहे ते सांग. ज्याची सवय घरच्यांना माहीत, डॉक्टरला माहीत, खात्याला माहीत, त्याला कुणी काय धमकावणार? या अर्थानं केंद्रात जाऊन आलेलं पोर न गेलेल्या पोरापेक्षा मला कमी धोक्याचं वाटतं. आज बोलता बोलता हे मला स्वच्छ दिसलं.

भाची : मला इतका वेळ हेच म्हणायचं होतं. वर्दीचं स्वप्न असलेली मुलं आमच्याकडे येतच नाहीत. आई फोन करून विचारते, “मॅडम, नाव कुठं जाणार नाही ना? भरतीत अडचण येईल का?” मुलगा फाटकापर्यंत येतो आणि वळतो. उपचाराला आपण जी शिक्षा लावतो, तिची किंमत सुरक्षा दलालाच मोजावी लागते. कारण न बरा झालेला, न बोललेला मुलगा तसाच भरती होतो.

मामा : मग नियम कसा असावा, तो मांडू. माझ्याकडून पहिली गोष्ट : विचारायचं असेल तर सरळ विचारा, ठरावीक वर्षांपुरतं विचारा आणि खऱ्या उत्तरावर गुन्हा दाखल होणार नाही असं त्याच कागदावर छापा. चावडीवरची कुजबुज अहवालात नको. दुसरी : विकणं, पुरवणं, भरतीत सुई टोचून फसवणं, याला माफी नाही. तिसरी : खोटं उत्तर दिलं की दार बंद.

भाची : माझ्याकडून चौथी : उपचार पूर्ण केल्याचा दाखला उमेदवाराच्या बाजूनं मोजला जावा आणि ६४-अ खाली खटला थांबला असेल तर ते लिहायला स्वतंत्र रकाना असावा. पाचवी : निर्णय शेजाऱ्यांच्या ऐकीव गोष्टींवर नको, मनोविकारतज्ज्ञाच्या तपासणीवर आणि लघवीच्या चाचणीवर व्हावा. नाकारलं तर कारण लेखी द्यावं. आणि चाचण्या सेवेत असताना सगळ्यांच्याच व्हाव्यात, फक्त या मुलाच्या नकोत.

मामा : सगळ्यांच्या, हे मान्य. पण शस्त्र हातात देण्याआधी पाच वर्षं स्वच्छ असावीत, असं मी म्हणेन.

भाची : मी दोन म्हणेन, तज्ज्ञाच्या दाखल्यासह. पाच वर्षांत भरतीचं वयच निघून जातं, मामा. मग ती अट राहत नाही, नकारच होतो.

मामा : इथं आपलं जुळणार नाही. मी ज्यांच्या शेजारी ड्युटी केली, त्यांच्या जिवाचा विचार करतो.

भाची : आणि मी ज्यांना उठताना पाहिलं, त्यांच्या आयुष्याचा. पण किती वर्षं, हा वाद आकड्याचा आहे. त्यावर अभ्यासानं, अनुभवानं तोडगा निघेल. विचारायचं कसं आणि खरं बोलणाऱ्याशी वागायचं कसं, यावर आपण एक झालो, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

मामा : मग त्या पोराला उद्या नमुना घेऊन पाठव. प्रत्येक प्रश्न वाचून, जेवढं विचारलंय तेवढं आणि तेवढं सगळं खरं लिहायला बसवतो. केंद्राचे कागद, डॉक्टरांचा दाखला फाइलीत वेगळा ठेवू दे. वैद्यकीय तपासणीत विचारलं तर मान खाली न घालता पुढे करायचे. आणि त्याच्या मित्रालाही आण. त्यानं अटक झाली होती हे लिहायचं, गुन्ह्याचा क्रमांक लिहायचा, उपचार पूर्ण केल्याचं पत्र जोडायचं. कदाचित नाकारतील. नाकारलं तर त्याच्या हातात अवतार सिंगचा निकाल असेल आणि दाद मागायला स्वच्छ कागद. खोटं लिहून आत गेला तर यातलं काहीच त्याच्याजवळ राहणार नाही.

भाची : दोघांनाही आणते. आणि तुमच्या ओळखीच्या भरती अकादमीच्या सरांनाही विचारा, एक दिवस मुलांशी बोलायला मला येऊ देतील का. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत सरकारी क्रमांक त्यांच्या फलकावर लावायला सांगते. भरतीच्या वर्षभर आधी तो क्रमांक फिरवला, तर पडताळणीच्या वेळी लपवण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरणार नाही.